रात्री लहान विमान उतरवण्यातील धोके: धावपट्टीला दिवे लागले म्हणजे पुरे का?

उत्तरवारा

आपल्या जिल्ह्याच्या विमानतळावर ‘नाईट लँडिंग’ची सोय व्हावी, ही मागणी वर्तमानपत्रांत वरचेवर वाचायला मिळते आणि ती रास्तच आहे. रुग्ण हलवायचा असो वा प्रत्यारोपणासाठी अवयव पोचवायचा असो, सूर्य मावळला म्हणून विमान थांबून राहावे, हे कोणालाच पटणार नाही. मात्र या बातम्यांत सगळा भर धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांवर असतो आणि दिवे बसले की सोय झाली, असा समज त्यातून पसरतो. मी लहान विमानांवर प्रशिक्षक म्हणून काम करतो. माझ्या मते रात्री उतरताना खरा धोका धावपट्टी दिसत नाही यापेक्षा ती फार स्वच्छ दिसते यात असतो. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर दिव्यांच्या दोन ओळी तेवढ्या दिसतात, बाकी काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यावरून डोळे उंचीचा जो अंदाज बांधतात तो चुकतो. तोही बहुधा एकाच बाजूने चुकतो: आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत, असे वाटते.

दिवसा झाडे, घरे, रस्ते, शेतांचे बांध यांच्या आकारावरून आपण किती वर आहोत हे मनाला न सांगता कळत असते. रात्री हा आधार जातो. मग वैमानिक नकळत दिव्यांच्या आकृतीचा डोळ्यात मावणारा कोन कायम ठेवत उतरू लागतो. भूमितीने पाहिले तर असा कोन कायम ठेवणारा मार्ग सरळ रेषेत येत नाही, तो वर्तुळाच्या कंसासारखा खाली झुकतो आणि धावपट्टीच्या दोन-तीन मैल अलीकडेच जमिनीच्या नको तितक्या जवळ येतो. वैमानिक याला ‘ब्लॅक होल अप्रोच’ म्हणतात. १९६० च्या दशकात बोइंग ७२७ विमानांना उतरताना अपघात झाले, त्यानंतर बोइंगमधील मानसशास्त्रज्ञ कॉनरॅड क्राफ्ट आणि त्यांचे सहकारी चार्ल्स एलवर्थ यांनी सिम्युलेटरवर याचा अभ्यास केला. अनुभवी वैमानिकांना अंधाऱ्या प्रदेशावरून, पलीकडच्या चढावर पसरलेल्या शहराच्या दिव्यांच्या दिशेने, अल्टिमीटर (उंचीमापक) न पाहता उतरायला सांगितले असता ते योग्य मार्गाच्या बरेच खाली गेले, आणि आपण खाली गेलो आहोत हे त्यांना जाणवलेही नाही. हजारो तास उडवलेल्या माणसांची ही गत असेल, तर नवशिक्याला दोष देण्यात अर्थ नाही.

यात धावपट्टीची रुंदी भर घालते. ज्याचा डोळा ४५ मीटर रुंद धावपट्टीला सरावला आहे, तो २३ मीटरच्या धावपट्टीवर आला की तिचा आकार लहान दिसतो आणि त्याला आपण फार वर आहोत असे वाटते. धावपट्टी पुढे चढत जाणारी असेल, तरी हाच भ्रम होतो. हवा पावसाने धुतलेली असेल आणि दिवे प्रखर असतील, तर ते जवळ भासतात.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते सांगतो. विमान सेसना १७२ आहे, फायनलवर म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या अखेरच्या टप्प्यावर आहे, धावपट्टी तीन सागरी मैलांवर आहे आणि विद्यार्थी डाव्या आसनावर बसला आहे. तीन अंशांच्या मार्गावर या ठिकाणी धावपट्टीपासून सुमारे ९५० फूट उंची हवी, आणि ती आहेही. तरीसुद्धा त्याचा उजवा हात थ्रॉटल हळूच मागे घेतो, कारण समोरचे चित्र त्याला ‘तू उंच आहेस’ असे सांगत असते. इंजिनचा आवाज किंचित उतरतो. धावपट्टीशेजारी उतरणीचा योग्य मार्ग दाखवणारे ‘पॅपी’चे चार दिवे दोन पांढरे, दोन लाल असे असतात, म्हणजे उंची बरोबर आहे; लाल वाढले की आपण खाली जात आहोत. त्यांतला तिसरा आधी गुलाबीसर होतो, मग लाल. विद्यार्थ्याची नजर मात्र धावपट्टीच्या सुरुवातीच्या हिरव्या दिव्यांवर खिळलेली असते. अशा वेळी मी फक्त ‘उंची वाच’ एवढेच म्हणतो. तो आकडा मोठ्याने वाचतो आणि त्याच क्षणी त्याचा हात पुढे जातो.

म्हणून माझा आग्रह आकड्यांचा आहे: तीन अंशांच्या मार्गाला सागरी मैलामागे साधारण ३०० फूट, आणि ६५ नॉट (ताशी ६५ सागरी मैल) वेगाला मिनिटाला सुमारे ३५० फूट उतरण्याचा दर. पॅपीचे तीन दिवे लाल झाले की उतरणे थांबवावे. चारही लाल झाले आणि धावपट्टी अजून दूर असेल, तर दुसरा विचार न करता वर निघून जावे.

फुलपाखरू

धागा आवडला. एक प्राथमिक शंका आहे. मोठी प्रवासी विमाने तर रोज रात्री बिनघोर उतरतात. मग लहान विमानांच्या बाबतीतच एवढी काळजी का?

उत्तरवारा

शंका योग्यच आहे. मोठ्या विमानात दोन वैमानिक असतात. एक उडवतो आणि दुसरा आकडे पाहतो. आयएलएसचा रेडिओ-मार्ग त्यांना धावपट्टीपर्यंत आणून सोडतो, रेडिओ अल्टिमीटर जमिनीपासूनची उंची मोठ्याने बोलून दाखवतो, आणि जमीन धोकादायकरीत्या जवळ येऊ लागली तर इशारा देणारे यंत्र ओरडते. एक इंजिन बंद पडले तरी दुसरे असते. लहान विमानात बहुधा एकटा माणूस, एकच इंजिन आणि एकच लँडिंग लाइट असतो. आणि ते ज्या धावपट्टीवर उतरते, तिच्या अलीकडे मोठ्या विमानतळांसारखी अप्रोच लाइट्सची रांग बहुधा नसते. दिव्यांची सुरुवात थेट धावपट्टीपासूनच होते. त्याअलीकडे काय आहे, हे फक्त नकाशाला ठाऊक असते.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर सिंधुदुर्गातील परुळे-चिपीचा विमानतळ सड्यावर आहे. अशा पठारी जागेकडे रात्री समुद्राच्या बाजूने यायचे म्हटले, तर खाली एकही दिवा नसलेला काळा पट्टा आणि पुढे एकदम प्रकाशाच्या दोन ओळी, असेच चित्र दिसणार.

डोळस

मी नेत्रतज्ज्ञ आहे, वैमानिक नाही. पण या विषयात डोळ्याची रचनाच मुळाशी असल्यामुळे लिहीत आहे. आपल्या दृष्टिपटलात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख असतात आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दांड्याच्या आकाराच्या पेशी सुमारे १२ कोटी असतात. गंमत वाटेल, पण आपण ज्या बिंदूने थेट पाहतो, त्या मध्यबिंदूवर या दुसऱ्या प्रकारच्या पेशी जवळजवळ नसतातच. त्यामुळे अंधारात एखाद्या मंद वस्तूकडे रोखून पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा दिसते. रात्री दुसरे विमान किंवा टेकडीची कड शोधताना वैमानिकाने याच पद्धतीने, नजर जरा बाजूला ठेवून, थांबत थांबत पाहायला हवे.

डोळा अंधाराला पुरता सरावायला साधारण अर्धा तास लागतो आणि हा सराव प्रखर प्रकाशाच्या एका झोताने काही सेकंदांत जातो. विमानाभोवती फिरून तपासणी करताना मोबाईलचा टॉर्च डोळ्यांवर आला, किंवा कॉकपिटमधला पडदा पूर्ण उजेडात राहिला, तर अर्ध्या तासाची कमाई गेली असे समजावे. लाल प्रकाशाचा टॉर्च वापरणे बरे, पण त्या प्रकाशात नकाशावरच्या लाल खुणा दिसेनाशा होतात, हेही ध्यानात असावे.

आणखी दोन गोष्टी. अंधारातल्या पेशी प्राणवायूच्या कमतरतेला फार लवकर प्रतिसाद देतात. म्हणूनच अमेरिकेची विमान वाहतूक संस्था एफएए रात्री ५,००० फुटांवरून पुढे प्राणवायू वापरण्याची शिफारस करते, जरी दिवसा ही मर्यादा दुप्पट असली तरी. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे तो जमिनीवर असतानाच काही हजार फूट वर गेल्यासारखा असतो. दुसरे असे, की अंधारात एकच स्थिर दिवा काही सेकंद टक लावून पाहिला तर तो हलू लागल्यासारखा वाटतो. वैमानिक त्या दिव्याला विमान समजून त्याच्याशी जुळवून घेऊ लागला, तर विमान आडवे-तिडवे होणारच.

मिशिगनकर

मी अमेरिकेत राहतो आणि येथे खासगी परवान्यावर लहान विमान उडवतो. इथे आणि भारतात एक मोठा फरक आहे. भारतात सूर्यास्तानंतर नुसत्या दृश्य नियमांवर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून, लहान विमान घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची मुभा सर्वसाधारणपणे नाही. स्थानिक आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणांना नियंत्रण कक्ष सवलत देतो. अमेरिकेत मात्र माझ्यासारखा माणूस इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणे पाहून उडण्याची पात्रता) नसतानाही रात्री कायदेशीरपणे उडू शकतो. यासाठी परवान्याच्या प्रशिक्षणात रात्रीचे किमान तीन तास आणि पूर्ण थांबून केलेली दहा लँडिंग्ज लागतात. पुढे प्रवासी घेऊन रात्री उडायचे असेल, तर मागच्या ९० दिवसांत रात्रीची तीन लँडिंग्ज झालेली असावी लागतात, आणि तीही पूर्ण थांबून. चाके टेकवून लगेच उडाल्यास ते लँडिंग धरत नाहीत. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण रात्री चाके टेकल्यानंतरचा वेग ओळखणे, कडेच्या पांढऱ्या दिव्यांतून टॅक्सीवेचे निळे दिवे हुडकणे, हीही शिकायचीच गोष्ट आहे.

इथल्या बऱ्याच लहान विमानतळांवर रात्री माणूस नसतो. वैमानिक रेडिओचे बटण पाच सेकंदांत सात, पाच किंवा तीन वेळा दाबतो आणि त्यानुसार दिवे प्रखर, मध्यम किंवा मंद लागतात. ते १५ मिनिटे चालतात. दुसऱ्या कोणी आधीच लावलेल्या दिव्यांवर विसंबून तुम्ही फायनलवर आलात आणि १५ मिनिटे नेमकी तेव्हा भरली, तर समोरची धावपट्टी क्षणात नाहीशी होते. म्हणून दिवे लागलेले दिसत असले, तरी डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, पुन्हा बटण दाबून घ्यायचे, असे आमचे प्रशिक्षक घोकून घेतात.

जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांचा अपघात आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १६ जुलै १९९९ च्या रात्री ते पत्नी आणि मेहुणीसह पायपर साराटोगा विमानाने मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. त्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हते. हवा धुरकट होती, खाली समुद्र होता, क्षितिज दिसत नव्हते. बेटाकडे उतरत असताना विमानावरचा ताबा सुटला आणि तिघेही गेले. दिशाभ्रम हे कारण तपासात नोंदले आहे. हवामान त्या रात्री कायद्याने दृश्य उड्डाणाला पुरेसे होते, हे मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. कायद्याला दृश्यमानता मैलांत मोजता येते, पण क्षितिज दिसते की नाही, हे तो विचारत नाही.

सातपुडा

उत्तरवारा, तुमचे सगळे पटले, पण पॅपीला चिकटून राहण्याबद्दल माझा मतभेद आहे. तीन अंशांचा मार्ग म्हणजे पुढे १९ फूट जाताना एक फूट खाली येणे. सेसना १७२ चे इंजिन बंद पडले तर ते एका फुटामागे साधारण नऊच फूट तरंगत जाते. म्हणजे रात्री दोन मैलांवर पॅपीच्या मार्गावर असताना इंजिन थांबले, तर धावपट्टी गाठणे शक्यच नाही, आणि खाली काय आहे ते दिसत नाही. मग तीन पांढरे, एक लाल असे थोडे वर राहून येणे अधिक सुरक्षित नाही का?

उत्तरवारा

सातपुडा, तुमचा हिशेब अचूक आहे. इंजिनचा धोका मी नाकारत नाही. फक्त दोन धोक्यांत निवड करायची तर रात्री चालत्या इंजिनाने जमिनीला जाऊन भिडणे, हा मला अधिक जवळचा धोका वाटतो. शिवाय उंच येणारा विद्यार्थी शेवटी वेग वाढवून बसतो आणि आखूड धावपट्टीच्या पार टोकाला जातो.

मी यातून वाट काढतो ती अशी, की लांबलचक सरळ फायनल रात्री घेतच नाही. धावपट्टीच्या वर येऊन, उंची राखून सर्किट (धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी) घ्यावे, बेसवर म्हणजे फायनलआधीच्या आडव्या बाजूवर वळेपर्यंत ती उंची सोडू नये आणि धावपट्टीशी सरळ रेषेत आल्यावरच पॅपी धरावी. यामुळे पॅपीवरचे अंतर दीड मैलाच्या आत राहते. तुम्ही म्हणता तसे एक दिवा जास्त पांढरा ठेवून यायलाही माझी हरकत नाही, पण तो शेवटच्या अर्ध्या मैलाआधी दोन-दोनवर आलेला हवा. आणि पॅपी वळणात असताना मुळीच वाचू नये. तिची अडथळ्यांपासूनची हमी धावपट्टीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दहाच अंशांपर्यंत आणि ठरावीक अंतरापर्यंतच असते. वीस मैलांवरून ती दिसते, म्हणून तिथूनच तिच्यावर भरवसा ठेवून खाली सुटणाऱ्यांना मधली टेकडी दिसत नाही.

तांदूळपट्टा

आम्ही गोंदियाच्या बिरसी विमानतळाच्या बाजूचे. प्रशिक्षणाची विमाने हे आमच्या भागातले नेहमीचे दृश्य आहे. आमच्याकडे हिवाळ्यात धानाच्या बांध्यांवर पहाटे दाट धुके साचते, त्यात तणसाचा धूर मिसळतो. वरून उडणाऱ्याला हे कळते का? आणि कोल्हे, कुत्रे, रानडुकरे धावपट्टीवर आली तर काय?

उत्तरवारा

धुक्याची गोष्ट फार महत्त्वाची काढलीत. थेट वरून खाली पाहिले तर पातळ धुक्यातून धावपट्टीचे दिवे स्पष्ट दिसतात, कारण नजर धुक्याच्या थोड्याच जाडीतून जाते. फायनलवर तेच धुके तिरके, मैलभर जाडीचे होते आणि दिवे विरून जातात. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक दोन-तीन अंशांवर आला की रात्रीचे उड्डाण आवरते घ्यावे. दिव्यांभोवती प्रभावळ दिसू लागली, हीही तीच खूण.

जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील रेवा येथे रात्रीच्या प्रशिक्षणात एक लहान विमान जवळच्या गावातल्या मंदिराच्या शिखराला धडकले. वैमानिकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ जखमी झाला. अशी बातमी वाचली की आमच्यातला प्रत्येक जण आपल्या सर्किटखालची उंच ठिकाणे मनात पुन्हा मोजतो.

जनावरांबद्दल म्हणाल, तर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईहून जबलपूरला गेलेले क्यू-४०० विमान अंधार पडल्यावर उतरताना रानडुकरांच्या कळपाला धडकले होते. प्रवासी बचावले. ते विमान मोठे होते. सेसनाच्या पुढच्या चाकाला एक कुत्राही पुरेसा आहे. लँडिंग लाइटच्या झोतात जनावर दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. उपाय जमिनीवरच करावा लागतो: अखंड कुंपण, आणि विमान येण्याआधी जीपने धावपट्टीवर एक फेरी.

रुग्णसोबती

मी अतिदक्षता विभागात काम करते आणि हवाई रुग्णवाहिकेतून रुग्णासोबत जाण्याचे काम मला पडते. ६ मे २०२१ ची रात्र आमच्या क्षेत्रातले लोक विसरणार नाहीत. कोविडची लाट ऐन भरात होती. त्या रात्री रेमडेसिविर घेऊन आलेले मध्य प्रदेश शासनाचे किंग एअर विमान ग्वाल्हेरला उतरताना, लढाऊ विमानांना अडवण्यासाठी धावपट्टीवर उभारलेल्या जाळीला धडकले आणि तिघे जखमी झाले. त्याच रात्री नागपूरहून उडताना चाक गळून पडलेली हवाई रुग्णवाहिका मुंबईत फेस पसरलेल्या धावपट्टीवर पोटावर उतरवण्यात आली, आणि रुग्णासह पाचही जण सुखरूप बाहेर आले. एकीकडे अंधारात न दिसलेला अडथळा, दुसरीकडे आधीपासून कळलेली अडचण आणि तिच्यासाठी सज्ज असलेला मोठा विमानतळ. दोन्ही विमाने लहानच होती.

त्याआधी २५ मे २०११ रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारे पिलाटस विमान रात्रीच्या वादळात फरीदाबादच्या वस्तीवर कोसळले. विमानातले सात आणि जमिनीवरचे तीन जण गेले. संभाव्य कारणांत वादळी हवेबरोबर वैमानिकांच्या दिशाभ्रमाचाही उल्लेख आहे.

माझे सांगणे एवढेच आहे, की ‘रुग्ण गंभीर आहे, काहीही करून उतरा’ असे नातेवाइकांनी किंवा आम्ही डॉक्टरांनी वैमानिकाला कधीही म्हणू नये. काही ठिकाणी रुग्णाची स्थिती वैमानिकाला मुद्दाम सांगतच नाहीत, हवामानाचा निर्णय त्याने निव्वळ हवामान पाहून घ्यावा म्हणून. ही पद्धत आपल्याकडे सगळीकडे यावी असे मला मनापासून वाटते.

फुलपाखरू

शेवटच्या काही फुटांत, विमान टेकवताना, नेमके काय अवघड जाते? आणि तो एकुलता एक लँडिंग लाइटच गेला तर?

सातपुडा

याचे उत्तर मी देतो. लाइटच्या झोतात धावपट्टीचा थोडासाच तुकडा उजळतो आणि त्याच्याकडे पाहत राहिले की जमीन एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. माणूस घाबरून नाक लवकर उचलतो, विमान दहा-पंधरा फुटांवर वेग गमावते आणि आपटते. म्हणून नजर झोताच्या पलीकडे, धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची. डांबरावरचे टायरचे काळे ओरखडे स्पष्ट दिसू लागले, की नाक उचलायला सुरुवात करायची.

दिवा गेला, तर कडेच्या दोन ओळी आपल्या खांद्यांच्या पातळीला वर येताना दिसतात, तोच अंदाज. अशा वेळी नाक किंचित वर, थोडी शक्ती चालू आणि अगदी सावकाश उतरत राहायचे, चाके आपोआप टेकू द्यायची. इंजिनची शक्ती पूर्ण काढून तरंगत बसायचे नाही. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे रात्रीचे पाच तास आणि दहा उड्डाणे-लँडिंग्ज लागतात. त्यांत दिव्याविना उतरण्याचा सराव प्रशिक्षकासोबत जरूर करून घ्यावा.

तांदूळपट्टा

आमच्या शेजारच्या जिल्ह्यात नाईट लँडिंगसाठी निवेदन तयार होत आहे. त्यात दिव्यांखेरीज काय मागावे, ते कृपया सांगा.

उत्तरवारा

उजेडातला वातदर्शक, रात्रपाळीचे हवामान निरीक्षण आणि अग्निशमन दल, आसपासच्या टेकड्यांवर व मोबाईल टॉवरवर चालू असलेले लाल दिवे, अखंड कुंपण, वीज गेल्यास काही सेकंदांत सुरू होणारा जनरेटर. आणि पॅपी दोन्ही टोकांना, ठरल्या मुदतीत उड्डाणाने तपासून घेतलेली. एकाच टोकाला ती बसवून काम भागवले, तर वारा फिरलेल्या रात्री वैमानिकाला दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे बहुधा जास्त अंधाऱ्या बाजूने, केवळ डोळ्यांच्या भरवशावर उतरावे लागते. निवेदनात ही ओळ ठळक अक्षरांत घाला.